धोतराची गाठ, परकराची नाडी आणि न भरणारी जखम

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण विषय आपल्या घरातल्या आई-आजीच्या कमरेचा आणि शेतात-खाडीत राबणाऱ्या माणसांच्या पायांचा आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

उन्हाळा लागला की मोबाईलवर सनस्क्रीनच्या जाहिराती सुरू होतात. गोरी मुलगी, समुद्रकिनारा, वर तळपणारा सूर्य. सोबत व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड फिरतात : 'उन्हात जाऊ नका, स्किन कॅन्सर होतो.' असाच एक फॉरवर्ड आमच्या ग्रुपवर आला तेव्हा नायगावच्या एका मित्राने विचारलं, "आमचा आजा जन्मभर मिठागरात उघड्या अंगाने राबला. नव्वदीला टेकला. त्याला कसा नाही झाला?"

प्रश्न एकदम रास्त आहे. कोणी 'ज्याचं त्याचं नशीब' म्हणालं, कोणी 'तेव्हाचं अन्न शुद्ध होतं' म्हणालं. मी जमेल तेवढं वाचलं, दोन-तीन डॉक्टरांशी बोललो. तेव्हा लक्षात आलं की या प्रश्नाच्या उत्तराचा बराचसा भाग आपल्या मुंबईत, परळला, ऐंशी वर्षांपूर्वीच लिहिला गेला आहे. आणि त्यातली अर्धी गोष्ट आपण विसरलो आहोत.

आधी आकडे बघू.

जगात २०२२ या एका वर्षात त्वचेच्या कर्करोगाचे १५ लाखांहून अधिक नवे रुग्ण सापडले, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. त्यातले साधारण ३ लाख ३० हजार मेलॅनोमाचे, म्हणजे पाचातला एक. मेलॅनोमाने त्या वर्षी जवळपास ६० हजार माणसं गेली. हे आकडेही कमीच धरायचे. कारण त्वचेच्या कर्करोगाचा जो सर्वात साधा प्रकार आहे, तो अनेक देशांत मोजतच नाहीत. दवाखान्यात छोटं ऑपरेशन करून गाठ काढतात, माणूस घरी जातो, नोंद होत नाही.

यात सगळ्यात पुढे ऑस्ट्रेलिया. तिथे सत्तरी गाठेपर्यंत दर तीन माणसांतल्या दोघांना कधी ना कधी कुठला तरी त्वचेचा कर्करोग होतो, असं तिथल्या संस्था सांगतात. आपल्याकडे? सगळ्या कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा जेमतेम १ टक्क्याच्या आसपास. तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्याकडे किती तरी पटीने जास्त.

एवढा फरक का? कारण आपल्या कातडीचा रंग. त्वचेत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. सूर्याच्या अतिनील किरणांनी पेशींच्या आतल्या जनुकांना इजा होते, आणि मेलॅनिन त्या किरणांना बऱ्याच अंशी अडवतं. सावळ्या-काळ्या माणसांत ते भरपूर. ढगाळ इंग्लंड-आयर्लंडहून गेलेल्या लोकांची पिढ्यान्पिढ्यांची गोरी कातडी ऑस्ट्रेलियाच्या उन्हात उघडी पडली आणि तिथे या रोगाचं पीक आलं. १८९४ साली पॉल उन्ना नावाच्या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने लिहिलं होतं की दर्यावर्दी खलाशांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर जे कर्करोग दिसतात, त्यांचं नातं उन्हाशी आहे. ते गोरे खलाशी होते. आपल्या पाचूबंदर-अर्नाळ्याच्या नाखव्यांना निसर्गाने जन्मतःच छत्री दिली आहे. मित्राच्या आजोबांनाही तीच छत्री होती.

म्हणजे आपण सुटलो का? नाही. इथेच घोळ होतो. आपल्याला हा रोग कमी होतो, पण जेव्हा होतो तेव्हा वेगळ्या जागी होतो, वेगळ्या कारणाने होतो, आणि बऱ्याचदा उशिरा सापडतो. जाहिरातीतल्या मुलीच्या नाकावर जे शोधायचं, ते आपल्या आजीच्या कमरेवर आणि काकांच्या तळपायावर शोधावं लागतं.

ते समजायला प्रकार माहीत हवेत. मुख्य तीन आहेत.

पहिला बेसल सेल. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी ज्या पेशी असतात त्यांचा. गोऱ्या लोकांत हाच सर्वात जास्त. बहुतेक वेळा चेहऱ्यावर, नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याजवळ. मोत्यासारखा चकचकीत उंचवटा, मध्ये खड्डा पडतो, खपली धरते, पडते, पुन्हा धरते. आपल्या त्वचेवर तो अनेकदा काळपट दिसतो, म्हणून लोक तीळ किंवा चामखीळ समजून सोडून देतात. शरीरात दुसरीकडे तो क्वचितच पसरतो. पण जिथे आहे तिथे हळूहळू कुरतडत जातो. १८२७ साली डब्लिनचे डॉक्टर आर्थर जेकब यांनी पापण्यांवरच्या अशा व्रणाचं वर्णन केलं आणि पुढे त्याला उंदराने कुरतडल्यासारखा व्रण असं नावच पडलं. वेळेत काढला तर माणूस बरा होतो.

दुसरा स्क्वेमस सेल. वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा. खरखरीत, जाड, कडा उचललेल्या, रक्त येणारी जखम. हा बगलेतल्या, जांघेतल्या गाठींपर्यंत पसरू शकतो. आपल्याकडच्या अनेक रुग्णालयांच्या अहवालांत बेसल सेलपेक्षा हाच जास्त दिसतो. आणि पुढची सगळी गोष्ट मुख्यतः याचीच आहे, कारण हा निव्वळ उन्हाने होतो असं नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी घासणं, भाजणं, चिघळणं यातूनही होतो.

तिसरा मेलॅनोमा. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा. संख्येने कमी, पण तिघांत सर्वात आक्रमक, लवकर पसरणारा. गोऱ्यांत पाठीवर, पायांवर, चेहऱ्यावर. आपल्यात मात्र जिथे रंग सर्वात कमी तिथे : तळपाय, तळहात, नखाखाली. याच्याकडे परत येतो.

आता इतिहास.

कामामुळे किंवा राहणीमुळे कर्करोग होऊ शकतो हे जगाला पहिल्यांदा नीट दिसलं ते त्वचेच्याच कर्करोगातून. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या सर्जनने लिहिलं की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी अंडकोषाच्या कातडीचा कर्करोग होतो, आणि त्याचं कारण घडीत अडकून राहणारी काजळी. गरिबाघरची पोरं, चार-पाच वर्षांची असल्यापासून अरुंद धुराड्यात शिरायची. १९१५ मध्ये यामागिवा आणि इचिकावा या जपानी शास्त्रज्ञांनी सशांच्या कानाला महिनोन्‌महिने डांबर चोळून प्रयोगशाळेत कर्करोग घडवून दाखवला. पॉटचं म्हणणं तब्बल १४० वर्षांनी प्रयोगाने सिद्ध झालं.

आपल्या देशात पहिली ठळक नोंद काश्मीरची. तिथे थंडीत लोक फेरनच्या आत कांगडी धरतात, म्हणजे निखाऱ्यांचं मातीचं भांडं, वरून वेताची विणलेली टोपली. १८६६ साली मिशनरी डॉक्टर विल्यम एल्म्स्ली यांनी नोंदवलं की पोटावर आणि मांड्यांवर, अगदी कांगडी टेकते तिथेच, कर्करोग होतो. डोंगरात, बर्फात, पूर्ण अंग झाकलेल्या माणसाला त्वचेचा कर्करोग! ऊन कुठून आलं? आलंच नव्हतं. रोजच्या चटक्याने कातडी होरपळत होती.

आणि मग येतं आपलं परळ.

२८ फेब्रुवारी १९४१ ला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. १८९५ चा जन्म, लंडनला शिकलेले, भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ओळखले जाणारे. तोपर्यंत कर्करोगाची पुस्तकं युरोप-अमेरिकेची. खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाखाली नमुना बघितला आणि सोबत हेही विचारलं की हा माणूस कुठला, काय खातो, काय ओढतो, काय नेसतो. आज हे साधं वाटतं. तेव्हा नव्हतं.

१९४५ साली खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. विषय होता चालीरीतींशी जोडलेले भारतातले तीन नवे कर्करोग. एक, बिहारकडे ओठाच्या आत खैनी धरून ठेवल्याने होणारा. दोन, आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा उलटा, म्हणजे पेटतं टोक तोंडात धरून ओढल्याने टाळूला होणारा. आणि तीन, धोतराचा कर्करोग. कमरेवर धोतर जिथे घट्ट आवळलं जातं, बरोब्बर त्या रेषेवर येणारा त्वचेचा कर्करोग.

धोतर नेसणारी माणसं आपण पाहिली आहेत. काचा मारून कमरेला गच्च आवळायचं, म्हणजे शेतात वाकलं तरी सुटत नाही. रोज तीच जागा. उन्हाळ्यात घाम, त्यात माती, भाताचा कोंडा, मिठाचे कण. कातडी आधी काळवंडते, मग जाड होते, खवले धरते. काही जणांचा तिथला रंग उडतो, पांढरी पट्टी पडते. तिला खाज येते, माणूस खाजवतो, जखम होते, भरते, पुन्हा होते. अशी पंचवीस-तीस-चाळीस वर्षं. जखम भरून काढायला पेशींना सारखं विभाजन करावं लागतं, आणि त्या विभाजनात कधी तरी एखादी पेशी भरकटते. आपल्या माहितीतल्या फार म्हणजे फार थोड्या लोकांचं असं होतं. पण होतं.

हाच प्रकार साडी-लुगड्यातही डॉक्टरांना दिसत राहिला. नंतर काय झालं ते आपण जाणतोच. धोतर गेलं, पँट आली. पट्टा सैल असतो, खाली-वर होतो, एका रेषेत आवळत नाही. पुरुषांचा धोतराचा कर्करोग पुस्तकात गेला. बायकांचं मात्र उलट झालं. नऊवारी सुटून सहावारी आली, तिच्या आत परकर आला, आणि परकराला आली नाडी. बारीक, कडक, सुती दोरी. साडीचं, निऱ्यांचं सगळं वजन त्या दोरीवर. निऱ्या सुटू नयेत म्हणून ती गच्च ओढायची. लुगड्याच्या गाठीचा दाब निदान थोडा पसरतो. नाडी सुरीसारखी एकाच रेषेत बसते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये हा विषय पुन्हा बातम्यांत आला होता. वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांनी दोन बायकांची हकीकत एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली. पहिल्या बाई सत्तर वर्षांच्या. साडीच्या आत परकर घट्ट बांधायच्या. कमरेच्या उजव्या बाजूला जखम, १८ महिने भरत नव्हती, आजूबाजूच्या कातडीचा रंग गेलेला. दुसऱ्या बाई साठीच्या उत्तरार्धातल्या. त्या चाळीस वर्षं रोज लुगडं नेसत होत्या, आत परकर न घालता. त्यांची जखम दोन वर्षं भरली नव्हती आणि कर्करोग जांघेतल्या गाठीपर्यंत गेला होता. दोघींना स्क्वेमस सेल. इंग्रजी वर्तमानपत्रांनी 'पेटीकोट कॅन्सर' म्हणून मथळे दिले, दोन दिवस चर्चा झाली, विनोद झाले, संपलं.

मला त्या बातमीत नाडीपेक्षा जास्त खटकले ते दुसरे आकडे. अठरा महिने. दोन वर्षं. इतका काळ उघडी जखम घेऊन त्या बाया घरकाम करत राहिल्या. दुखत नसेल का? चिघळत नसेल? मग दाखवली का नाही?

याचं उत्तर वर्ध्याला जाऊन शोधायची गरज नाही. आपल्याकडे आगाशी-भुईगावच्या वाडीत, किल्लाबंदरला, भाताणे-सकवारच्या पाड्यात कोणत्याही वयस्कर बाईला विचारा. मी आमच्या ओळखीच्या एका काकूंना जरा चाचरतच विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "अरे बाबा, कमरेला काळा पट्टा कुठल्या बाईला नसतो? नाडीचा वण म्हणजे काय आजार आहे का?" नव्याण्णव टक्के त्यांचं खरंच आहे. काळा पट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. पण पट्टा सगळ्यांनाच असतो म्हणून त्यावर आलेली जखमही नेहमीचीच वाटते. त्यात जागा अशी, की डॉक्टर पुरुष असेल तर दाखवायची लाज. घरात मुलाला सांगायची लाज. मग हळद, खोबरेल, मेडिकलमधून आणलेली ट्यूब. महिना जातो, वर्ष जातं.

या जातीच्या कर्करोगाला पुस्तकात मार्जोलिन व्रण म्हणतात. १८२८ मध्ये पॅरिसच्या जाँ-निकोला मार्जोलिन यांनी जुन्या वणांवर उगवणाऱ्या व्रणांचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. कमरेचा हा त्यातला एक उपप्रकार झाला. जास्त करून तो जुन्या भाजलेल्या वणावर होतो. लहानपणी चुलीत पाय पडला, स्टोव्हचा भडका झाला, वीटभट्टीवर भाजलं. वर भरलं, पण कातडी ताणलेली, पातळ, सारखी फुटणारी. अशा जागी वीस-तीस वर्षांनी एखादा कोंब येतो. पायावरच्या वर्षानुवर्षांच्या व्रणावरही तो होऊ शकतो. कुष्ठरोगातून बरे झालेल्या, पण तळपायाची संवेदना गेलेल्या माणसांच्या जखमांवरही होऊ शकतो. तिथे दुखतच नाही, त्यामुळे कळायला आणखी उशीर.

आता मेलॅनोमाकडे परत येतो, कारण तळपाय हा आपल्या लोकांचा कळीचा मुद्दा.

आपल्या गावांतून बँड, गिटार, रेगे ऐकणारी मंडळी भरपूर आहेत. बॉब मार्ले कशाने गेला हे किती जणांना माहीत आहे? १९७७ साली त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा निघाला. फुटबॉल खेळताना लागलं असेल असंच आधी वाटलं होतं. ११ मे १९८१ ला तो गेला, वय ३६. जमैकाचा, वर्णाने काळा, आणि रोग नखाखाली, जिथे ऊन पोचतच नाही. तळपाय-तळहात-नखाखालच्या या मेलॅनोमाचा सूर्याशी फारसा संबंध नाही. तो सगळ्या वर्णांच्या लोकांत होतो. मात्र सावळ्या-काळ्या माणसांत बाकीचे मेलॅनोमा अगदी कमी, त्यामुळे होणाऱ्यांत याचाच वाटा मोठा. सनस्क्रीन लावून तो टळत नाही. बघूनच सापडतो.

आणि आपण तळपाय बघतो का? चिखलात, खारात, भाताच्या चोंढ्यात अनवाणी फिरणाऱ्या माणसाच्या पायाला काटा, कुरूप, शिंपल्याने कापलेलं हे रोजचंच. काळा डाग दिसला तर 'चिखल धरलाय' किंवा 'रक्त साकळलंय'. नख काळं पडलं तर 'दार लागलं असेल'. बहुतेक वेळा तसंच असतं. पण साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकत जातं आणि काही महिन्यांत निघून जातं. जे सरकत नाही, रुंदावत जातं, नखाच्या मुळाशी कातडीवर उतरतं, ते दाखवायलाच हवं.

हे सगळं आपल्याला कळतं ते कोणी तरी मोजलं म्हणून. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने, डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने, मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. म्हणजे एकाच दवाखान्यातले रुग्ण न मोजता, अख्ख्या शहरात कुणाला कुठला कर्करोग झाला ते सगळ्या दवाखान्यांतून आणि मृत्यूच्या नोंदींतून गोळा करायचं. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली.

बार्शीची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खेड्यातली माणसं आजार झाला तरी दवाखान्यात येतच नाहीत, मग मोजणार काय? म्हणून तिथले कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, लक्षणं सांगितली, कोणाला काही असेल तर या म्हणाले. ना मोठं यंत्र, ना महागडी तपासणी. काही वर्षांनी, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आता आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या आहेत. नुसतं घरी जाऊन बोलल्याने! तिथे तर आतला, न दिसणारा रोग होता. त्वचेचा तर डोळ्यांना दिसतो.

मग आपल्या पालघर जिल्ह्यात काय करता येईल?

सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कर्करोग आहेत. ते बरोबरच आहे, कारण सर्वात जास्त तेच. त्वचेसाठी वेगळी मोहीम काढा असं मी म्हणणार नाही, रुग्णच कमी, परवडणार नाही. पण आपल्या जिल्ह्यात कुष्ठरोगाचं प्रमाण राज्यात जास्त असलेल्या जिल्ह्यांतलं, त्यामुळे कुष्ठरुग्ण शोध मोहीम आपल्याकडे होते. आशाताई आणि स्वयंसेवक घरोघर जाऊन अंगावरचे चट्टे विचारतात, बघतात. म्हणजे कातडी बघायला कोणी तरी दारात येतंच आहे. त्याच वेळी आणखी दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे? एक, अंगावर कुठे महिनाभरात न भरलेली जखम आहे का, कमरेवर, जुन्या भाजलेल्या जागेवर, पायावर? दोन, तळपायावर किंवा नखात काळा डाग वाढतोय का?

एक पैसा जादा लागत नाही. कमरेचा प्रश्न बाईने बाईला विचारला तर उत्तरही खरं मिळेल. जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग आणि वसई-विरार महापालिकेचा वैद्यकीय विभाग, दोघांनाही मी हे लेखी देणार आहे. ज्या नगरसेवक-सरपंच मंडळींनी ही पोस्ट वाचली असेल त्यांनी आपापल्या परीने पाठपुरावा करावा. हे डॉ. खानोलकरांच्याच वाटेने जाणारं आहे. त्यांनी कर्करोगाइतकंच कुष्ठरोगावरही काम केलं होतं.

तोवर घरच्या घरी एवढं करा.

• परकराची नाडी रुंद लावा. दोरीऐवजी दीड-दोन इंची पट्टी किंवा रुंद इलॅस्टिक. बांधायची जागा अधूनमधून खाली-वर करा. घरात असताना सैल सोडा. लुगडं सोडा असं कोणी म्हणत नाही, ती आपली ओळख आहे. गाठ फक्त सैल हवी.

• कमरेची कातडी रोज धुवून कोरडी करा. भेगा, खवले, खाज असेल तर तेव्हाच दाखवा. या टप्प्यावर तो कर्करोग नसतो, साध्या औषधाने आटोक्यात येतो.

• महिन्यातून एकदा तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखं बघा. म्हाताऱ्यांना वाकता येत नाही, त्यांचे नातवंडांनी बघावे.

• तीळ किंवा डाग : दोन बाजू सारख्या नाहीत, कडा वेड्यावाकड्या, एकाच डागात दोन-तीन रंग, पेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा मोठा, आणि बदलत चाललाय. यातलं काही असेल तर त्वचारोगतज्ज्ञ. बदलणं हे सर्वात महत्त्वाचं.

• चार आठवड्यांत न भरणारी कोणतीही जखम, मग ती दुखो न दुखो, डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तरी 'शुगरमुळेच असेल' म्हणून सोडू नका.

• डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलं तर घाबरू नका. 'सुरी लागली की पसरतो' ही आपल्याकडची जुनी समजूत चुकीची आहे. तुकडा तपासल्याशिवाय कुठला प्रकार ते कळत नाही, आणि तीन प्रकारांचे उपचार वेगळे आहेत. लवकर सापडलेले बेसल आणि स्क्वेमस बहुतेक वेळा एका ऑपरेशनने बरे होतात.

• खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

आणि ऊन? दुपारच्या कडक उन्हात टोपी, पूर्ण बाह्या, डोक्यावर फडकं हे चांगलंच. ज्यांच्या अंगात जन्मतः रंगद्रव्यच नाही, अशी अल्बिनिझम असलेली माणसं आपल्या गावांतही आहेत. त्यांची निसर्गाची छत्री हरवलेली आहे. त्यांना लहानपणापासून उन्हापासून जपायला हवं, शाळेत दुपारच्या कवायतीला उभं करू नये. हे शिक्षकांनी वाचावं म्हणून मुद्दाम लिहिलं.

तर नायगावच्या मित्रा, तुझ्या आजोबांना का नाही झाला त्याचं उत्तर त्यांच्या रंगात होतं. पण तुझी आई अजून साडी नेसते ना? आज घरी गेलास की तुझ्या बायकोला सांग, सासूबाईंना एकदा विचार म्हणून. कमरेला जखम आहे का, आणि असली तर कधीपासून.

हाच प्रश्न बाकीच्यांनीही आपापल्या घरी विचारा. कोणाला दवाखाना, योजना, कागदपत्रं यात अडचण आली तर मेसेज करा, जमेल ती मदत करतो. पोस्ट शेअर करताना नाव ठेवलं नाहीत तरी चालेल, पण खालची यादी कापू नका.